माझ्याकडे तर चालतंय

१

"आवाज चोरीला गेलाय," असं डॉक्टर फोनवर म्हणाले, तेव्हा मी त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं.

"माझा नाही हो, मॅडम. रुग्णाचा. पेढीतून गेलाय."

रक्तपेढीत रक्त ठेवतात, तसा या रुग्णालयाच्या तळमजल्यावर आवाज ठेवतात. ज्यांचं स्वरयंत्र काढायचं असतं, ते शस्त्रक्रियेच्या आधी इथे येतात, बंद खोलीत बसून वाक्यं वाचतात आणि ती संगणकात साठवली जातात. त्यावरून मशीनला तो आवाज शिकवायचा. मग घसा गेला तरी माणूस टाइप करतो आणि मशीन त्याच्याच आवाजात बोलतं. कल्पना चांगली आहे. ती राबवणारी माणसं मात्र मी नोकरीत असताना पाहिलेली आहेत.

मी इथल्या संगणक विभागातून निवृत्त झाले, तरी त्यांना माझी आठवण येते, ती घर पेटल्यावर विहिरीची यावी तशी. तोंडावर मला मॅडम म्हणतात आणि पाठीमागे विंचू. मी सगळ्यांना सारखंच तुच्छ लेखते, त्यामुळे पक्षपाताचा आरोप माझ्यावर कधी आला नाही.

रुग्ण भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणारा होता. उभा जन्म त्याने आवाजावर काढला. त्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, की त्याने वाचलेली सगळी वाक्यं पेढीतून पुसली गेली आहेत. पुन्हा वाचून घ्यायला तो आवाज आता जगात कुठेही उरला नव्हता.

मी पोचले तेव्हा तळमजल्याच्या बाकावर त्याची बायको बसली होती. मांडीवर पाण्याची बाटली, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"आवाज शोधायला आलात ते तुम्हीच का?" तिने विचारलं.

"हो, काकू."

"मग दुसऱ्या कुणाला विचारू नका," ती म्हणाली. "मीच घालवलाय तो."

२

मी तिच्या शेजारी बसले. कबुलीजबाब इतका आयता मिळाला, की मला त्याचा संशयच येतो.

"ते वाचायला बसले की घसा कोरडा पडायचा त्यांचा," काकू म्हणाल्या. "मी आपली मध्येच म्हणायचे, आधी पाणी प्या. की झालं ते वाक्य खराब. ते माझ्यावर ओरडायचे ते पण त्यात यायचं. शेवटी वाचून घेणाऱ्या ताईंनी मला बाहेर बसवलं. माझ्यामुळे किती वाक्यं वाया गेली. मीच अपशकुनी."

"घरी मोबाइलवर त्यांचा आवाज नाही का?"

"एक व्हिडिओ आहे बाजारातला. त्यात ट्रकचा हॉर्नच ऐकू येतो." मग बाटलीकडे बघत म्हणाल्या, "काल त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, मशीन कधी बोलणार. मी म्हटलं, उद्या. रोज उद्या म्हणून किती दिवस काढू?"

मी उठले आणि तडक डॉक्टरांकडे गेले. 

पेढीचे प्रमुख डॉक्टर त्यांच्या खोलीत निकाल लावूनच बसले होते. गुन्हेगार ध्वनिमुद्रक. आवाजातली बारीकशी खरखरसुद्धा त्याला ऐकू येते, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणतात.

"भांडण झालं होतं त्या दोघांचं," डॉक्टर म्हणाले. "रुग्ण त्याला म्हणाला, तू कसला कानसेन, तू तर ठार बहिरा. आणि हे बघा."

त्यांनी कागद पुढे सरकवला. त्यावर शेल स्क्रिप्ट छापलेली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकामागून एक दिलेले हुकूम. ते तो मुकाट पाळतो, विचार करत नाही. या बाबतीत तो इथल्या कर्मचाऱ्यांसारखाच आहे, फक्त चहा पीत नाही.

हुकूम अगदी साधे होते. रुग्णाच्या फोल्डरमध्ये जा. त्याच्या आत 'कचऱ्यात' नावाचा छोटा फोल्डर आहे, त्यात खोकल्याची, चुकलेली, फसलेली वाक्यं टाकलेली असतात. त्या 'कचऱ्यात'मध्ये जा; जाता आलं नाही तर थांब. मग जिथे उभा आहेस, तिथल्या सगळ्या फायली पुसून टाक. शेवटी जे उरलं त्याची प्रत करून ठेव.

"आता यातलं 'जाता आलं नाही तर थांब' हे कानसेनने वाचन संपलं त्याच दुपारी काढून टाकलं," डॉक्टर म्हणाले. "आधी कुंपण काढलं, मग गुरं सोडली. मशीन 'कचऱ्यात' गेलंच नाही. बाहेरच, रुग्णाच्या चांगल्या वाक्यांत उभं राहिलं आणि तीच पुसली. पाठोपाठ प्रतही कोरीच निघाली."

"पुसलेलं परत काढता येतं कधी कधी."

"लगेच पुढच्या सकाळी त्याच जागेवर दुसऱ्या रुग्णाचं वाचन चढलं. काही उरलं नाही."

"आणि मशीन 'कचऱ्यात' का गेलं नाही?"

"तेच तर. जाता न यायचं काही कारणच नाही. तो फोल्डर तिथेच आहे, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. म्हणजे त्याने मुद्दामच केलं. संध्याकाळी पत्र देतोय त्याला, घरी बसा म्हणून."

"हे कुंपणाचं तुम्हाला कोणी समजावलं?"

डॉक्टरांना संगणक फक्त चालू करता येतो, बंद करायला ते माणूस बोलावतात. ते जरा घुटमळले.

"संगणक विभागाच्या गुरुजींनी," ते म्हणाले. "कागद हातात घेताच त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं."

३

कानसेन ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. खोलीला आतून जाड स्पंज लावलेला, त्यामुळे तिथे माणसाचा उसासासुद्धा लपत नाही.

"काय झालं ते सांग. काय वाटलं ते सांगू नकोस."

"त्यांचं वाचन संपलं. म्हणून मी कचरा साफ करायला स्क्रिप्ट चालवली. चालली नाही."

"चालली नाही म्हणजे काय? लंगडली, बसून राहिली, की उलटी पळाली?"

 मग त्याने खिशातून फोन काढला आणि कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर त्याने घातलेला प्रश्न मला दाखवला. 'स्क्रिप्ट चालत नाहीये. अर्जंट. प्लीज कोणीतरी मदत करा.' खाली जोडलेले तीन हात आणि एक फोटो.

मी आयुष्यभर असले प्रश्न वाचत आले. डॉक्टरकडे जाऊन 'दुखतंय' एवढंच म्हणायचं, कुठे ते सांगायचं नाही, आणि वर घाई करायची. हात जोडायला यांना वेळ असतो, मशीन काय म्हणालं ते दोन ओळींत उतरवायला नसतो. फोटो म्हणाल तर स्क्रीनचा, तोही तिरपा. वर ट्यूबलाइटची चमक, आणि खाली, जिथे मशीनचं उत्तर उमटतं नेमक्या त्याच जागी, कानसेनचा अंगठा.

"अंगठ्याखाली काय होतं?"

"काही नाही. मशीन उगाच काहीतरी बडबडत होतं."

"काय?"

"'कचऱ्यात' नावाचा फोल्डर नाही, म्हणे. आणि फोल्डर तर समोर दिसत होता, मॅडम. मला वाटलं मशीन खोटं बोलतंय. असलं काय लोकांना दाखवायचं? हसले असते."

"मशीन मूर्ख असतं, खोटारडं नसतं. खोटं बोलायला अक्कल लागते. चोर दारात उभा राहून स्वतःचं नाव सांगत होता आणि तू त्याच्या तोंडावर अंगठा ठेवलास."

 त्याचं नाक लाल झालं होतं. मी पुढचे संदेश वाचले. प्रश्नाखाली गुरुजींचं उत्तर होतं, 'माझ्याकडे तर चालतंय.' आणि त्याच्या लगेच खाली कानसेनचं, 'हो, ती ओळ काढली. धन्यवाद.' मी ते दोनदा वाचलं.

"कुठली ओळ?"

तो फोन परत घ्यायला लागला.

"इथे कुणी कुठली ओळ काढायला सांगितलेलं दिसत नाही. मग तू आभार कुणाचे मानतोयस? भुताचे?"

"बोट माझं होतं, मॅडम," कानसेन म्हणाला. "नोकरी जायची तर जाऊ दे. मी नाव घेणार नाही. मला घरात तोंड दाखवायचंय."

४

बाहेर पेढीत तो नाव घेणार नाही हे समजू शकते. पण घरात?

हे डोक्यात ठेवून मी ताईंकडे गेले. ताई वाचा-उपचार करतात, रुग्णांकडून वाचून घेतात, आणि प्रत्येक रुग्णाचे फोल्डरही त्याच तयार करतात. टेबलावर नवाकोरा संगणक होता, कडेचा प्लास्टिकचा कागद अजून न काढलेला.

"सुंदर आहे," मी म्हटलं.

"दिसायला," ताई म्हणाल्या. "जुना बंद पडला म्हणून हा दिला. लिलाववाले काका याच्यावरचे पहिलेच रुग्ण. पण याचा कीबोर्ड वेगळाच आहे, आणि शोधायला गेलं की हा आंधळा होतो. जुन्या यादीत 'घोगऱ्या आवाजाचे' असं शोधलं, तर म्हणे सापडत नाही. आणि यादी उघडली तर समोरच लिहिलेलं."

"सगळेच शब्द असे हरवतात?"

"नाही हो. 'खोकला' सापडतो, 'श्वास' सापडतो. परवा 'तिसऱ्या दिवशी' नाही सापडलं. मी आता सोडूनच दिलंय."

"कुणाला विचारलं नाहीत?"

"विचारलं की ग्रुपवर. 'नवा संगणक नीट चालत नाही' असं. गुरुजी म्हणाले, माझ्याकडे तर चालतंय."

मला तिथेच चहा सांगावासा वाटला. गुन्हा कसा झाला ते मला जवळजवळ कळलं होतं. कुणी केला, एवढंच हातात यायचं होतं.

गुरुजी म्हणजे संगणक विभागाचे प्रमुख. शिकवत कोणालाच नाहीत, पण सल्ला देतात, म्हणून गुरुजी. खोलीच्या भिंतीवर प्रमाणपत्रं इतकी, की रंग कुठला ते कळत नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं मी खूप पाहिली, यांनी मात्र त्याला चौकटही करून घेतली होती.

"मी तपासूनच उत्तर देतो, मॅडम," ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले. "फोटोवरून अख्खी स्क्रिप्ट माझ्या मशीनवर टाइप केली. 'कचऱ्यात' फोल्डर केला. चालवली. चालली. मग दोष कुणाचा?"

"तुमच्या मशीनवर तुम्हीच टाइप केली, आणि फोल्डरही तुम्हीच केला."

"अर्थात."

"मशीन काय एरर देतंय, असं त्याला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? उत्तर ठाऊक असताना प्रश्न विचारायची मला सवय नाही. आणि मी फक्त 'माझ्याकडे चालतंय' एवढंच म्हणालो, ग्रुपवर बघा. पुढे जावईबापूंनी काय उद्योग केले ते त्यांचे त्यांना माहीत."

सगळी पेढी ज्याला कानसेन म्हणते, त्याला हे एकटे जावईबापू म्हणाले, घरच्या जावयाला म्हणावं तसं; आणि मुलगी देण्याइतके ते म्हातारे नव्हते, म्हणजे बहीण. मी उठले.

"डॉक्टरांच्या खोलीत चला," मी म्हटलं. "तुमच्या बहिणीच्या नवऱ्याला पत्र मिळायच्या आत."

५

खोलीत सगळे जमले. काकूंना मीच आत बोलावलं; ज्याचं गेलंय त्याला शेवटी बाहेर बसवायची इथली रीत मला पसंत नाही. ताईंचा संगणक टेबलावर आणून ठेवला.

"दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं," मी सुरुवात केली. "इथे तर जगाची गरजच नव्हती, तुम्ही पुरेसे होतात. डॉक्टर, 'कचऱ्यात' हा शब्द वाचा. हा ताईंच्या फोल्डरचा, आणि हा स्क्रिप्टमधला."

"दोन्ही एकच आहेत," डॉक्टर म्हणाले.

"आता मशीनला अक्षरं मोजू द्या."

मशीनने एकात सात खुणा मोजल्या आणि दुसऱ्यात आठ. 

"आपल्या भाषेतला हा 'ऱ्या' टाइप करायच्या दोन रीती आहेत," मी म्हटलं. "एका कीबोर्डवर त्या अर्ध्या र-ला स्वतःचं वेगळं अक्षर असतं. दुसऱ्यावर साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, आणि मध्ये एक अदृश्य खूण घालायची. ती विसरलात, तर र उडी मारून य-च्या डोक्यावर बसतो आणि कचऱ्याचा आचार्य होतो. अशी माणसं या खोलीतही आहेत. कानसेनची स्क्रिप्ट जुन्या रीतीने लिहिलेली. ताईंचा फोल्डर नव्या कीबोर्डवर, नव्या रीतीने. डोळ्याला एकच शब्द, मशीनला दोन. म्हणून ताईंना 'घोगऱ्या' सापडत नव्हतं आणि 'खोकला' सापडत होता. आणि म्हणून मशीन म्हणालं, असा फोल्डर नाही. ते खरं बोलत होतं."

"म्हणजे ताईंची चूक," गुरुजी लगेच म्हणाले.

"थांबा. त्या वेळी नुकसान काहीच झालं नव्हतं. 'जाता आलं नाही तर थांब' लिहिलेलं होतं, मशीन थांबलं. मग कानसेनने मदत मागितली. शब्द जसेच्या तसे चिकटवले असते, तर कुणीतरी ते मोजले असते. त्याने दिला फोटो. फोटोत सात आणि आठ सारखेच दिसतात. आणि मशीनचं म्हणणं अंगठ्याखाली. गुरुजींनी ते चित्र बघून सगळं स्वतःच्या हाताने टाइप केलं, फोल्डरही त्याच हाताने. जुळणारच. त्यांच्याकडे चालतंय म्हणजे त्यांचा हात त्यांच्याच हाताशी जुळतो, एवढंच सिद्ध झालं."

कानसेन खाली बघत होता. गुरुजींनी घड्याळ चाचपलं.

"आता ते धन्यवाद. 'हो, ती ओळ काढली.' प्रश्न आणि धन्यवाद यांच्यामध्ये ओळीचा उल्लेखच नाही. सल्ला होता, तो मागाहून काढला, मागमूस न ठेवता. असं फक्त ग्रुप सांभाळणाऱ्याला करता येतं. ग्रुप कोण सांभाळतं, डॉक्टर?"

डॉक्टर गुरुजींकडे बघत राहिले.

"कागद हातात घेताच गुरुजींनी नेमकं कुंपणावर बोट ठेवलं, असं तुम्हीच म्हणालात. कुंपण कुठे होतं ते त्यांना ठाऊक होतंच. ते काढायला त्यांनीच सांगितलं होतं."

"मी चांगल्याच हेतूने सांगितलं," गुरुजी म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "माझ्याकडे चालतंय, तुमच्याकडे ती अटच अडवतेय, म्हणून काढा म्हटलं. मला काय माहीत आत जाताच येत नाहीये ते."

"विचारलं असतंत तर माहीत झालं असतं," मी म्हटलं. "आणि दाजी घरी बसत असताना तुम्ही संदेश पुसत बसलात, हा कुठला हेतू?"

 डॉक्टरांनी पत्र खणात टाकलं आणि खण लावला. मग काकू बोलल्या, अगदी हळू.

"ते सगळं खरं, बाई. पण आवाज?"

६

काखेत कळसा आणि गावाला वळसा. एवढी शिकलेली माणसं, पण कुणीही हा साधा प्रश्न विचारला नव्हता.

"काकू, मशीन 'कचऱ्यात' गेलंच नाही," मी म्हटलं. "बाहेर उभं राहून त्याने बाहेरच्या फायली पुसल्या. फोल्डर ते पुसत नाही. मग कचऱ्याचं काय झालं असेल?"

"कचऱ्यात काय बघायचं," डॉक्टर म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले.

ताईंनी तो फोल्डर उघडला. भरलेला होता. खोकले, शिंका, अडखळलेली वाक्यं, आणि काकूंनी मध्ये बोलून खराब केलेली सगळीच्या सगळी. कानसेनने पहिली फाईल लावली.

"आज सकाळी हवामान..." एक जाड, दमदार आवाज म्हणाला. मागून काकूंचा, "आधी पाणी प्या." मग तोच आवाज, "अगं, रेकॉर्ड चालू आहे. जरा गप्प बसशील? बघा ना कानसेन, ही बाई एक वार, दोन वार करून थांबतच नाही, तिसऱ्या वाराला मला विकून मोकळी होईल." आणि तो हसला, खोलीभर.

काकूंनी बाटली खाली ठेवली आणि दोन्ही हात तोंडावर धरले. मला त्या वेळी खिडकीबाहेर बघावं लागलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसत्या उभ्या स्कूटर होत्या.

हे मशीनला पुरेल का, ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आवाज शिकणारं मशीन ज्यांनी बनवलं, त्यांना विचारायला हवं होतं. कानसेन फोन काढून स्क्रीनचा फोटो घ्यायला लागला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने फोन खिशात ठेवला आणि तो लिहायला बसला.

आम्हाला काय करायचंय. आमच्याकडे काय आहे, किती आहे, कसं बिघडलेलं आहे. आम्ही काय करून पाहिलं आणि मशीन त्यावर काय म्हणालं, शब्दशः, चिकटवून. आम्हाला नेमकं काय कळत नाहीये. अर्जंट हा शब्द त्याने स्वतःच खोडला. जोडलेले हात घातले नाहीत. खाली खोकल्याची एक आणि हसण्याची एक फाईल जोडली. आयुष्यात मी इतका नीटस प्रश्न वाचला नव्हता, पण तसं त्याला बोलून दाखवलं नाही, डोक्यात हवा जाते.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बाईंचा आवाज आणि खोकले वेगळे काढा, ही घ्या त्याची रीत. उरेल ते पुरेल. शेवटी लिहिलं होतं, वाचलेल्या वाक्यांपेक्षा ही बरी, यात माणूस बोलतोय. कानसेन कान लावून बसला आणि काकूंना काकांपासून वेगळं करत राहिला. गुरुजींनी त्याला आपलं मोठं मशीन आणून दिलं, न बोलता. त्यांना न बोलताना मी प्रथमच पाहिलं.

लिलाववाला खाटेवर उशीला टेकून बसला होता, गळ्याला पट्टी. घोट घोट पाणी घ्यायला आता परवानगी मिळाली होती. कानसेनने त्याच्या मांडीवर कीबोर्ड ठेवला. त्याने खूप वेळ बायकोकडे पाहिलं, मग एका बोटाने टाइप केलं. खोलीत तोच जाड, दमदार आवाज आला.

"बरं झालं, तू मध्ये मध्ये बोललीस."

काकूंनी डोळे पुसले, बाटलीचं झाकण उघडलं आणि ती त्याच्यापुढे धरली.

"ते मागाहून," त्या म्हणाल्या. "आधी पाणी प्या."